पुण्यात हिप-हॉप डान्सची शॉर्टफिल्म: आधी शेवटचं बॅटल बसवा

डान्सवरच्या सिनेमांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. होतकरू पोरं, तालमीला जागा नाही, घरचे विरोधात, समोर तगडा क्रू आणि शेवटी बॅटल. ही चौकट मोडायच्या फंदात पडू नका, ती चालते. असे सिनेमे पडतात ते दुसऱ्याच कारणाने. शेवटच्या बॅटलमध्ये आपली पोरं नेमकी कशामुळे जिंकली, हे प्रेक्षकाला दिसतच नाही. जज हात वर करतात, रंगीत कागद उडतात, म्हणून तो मानतो की जिंकले असतील. मोठ्या पडद्यावर, मोठ्या बजेटमध्ये हे खपून जातं. छोट्या फिल्ममध्ये हरलेला राउंड आणि जिंकलेला राउंड यांतला फरक नाचातूनच कळायला हवा. लिहिण्यापासून एडिटपर्यंतचे सगळे निर्णय त्या एका गोष्टीसाठी घ्यायचे.

पुढचा हिशोब १२ ते १५ मिनिटांची फिल्म, पाच-सहा डान्सर, एक मिररलेस कॅमेरा किंवा बरा फोन आणि दोन-तीन दिवसांचं शूट धरून केलेला आहे.

गोष्ट मागून पुढे लिहा

लिहायला बसाल तेव्हा पहिल्या सीनला हात घालू नका. शेवटच्या राउंडमध्ये तुमचं मुख्य पात्र कोणती मूव्ह करणार ते डान्सरबरोबर बसून ठरवा आणि तिथून मागे या. मूव्ह फसली तर का फसली, हे नाच न येणाऱ्यालाही दाखवता आलं पाहिजे. विंडमिल, म्हणजे जमिनीवर लोळत गोल फिरण्याची मूव्ह, त्यासाठी सोयीची. कोपर पोटाच्या बाजूला रुतवून भार त्यावर घ्यायचा, पाय फाकलेले ठेवायचे आणि खांद्यांवरून, पाठीवरून लोळत पुन्हा त्याच हातावर यायचं. पाय मिटले की गती मरते. कंबर जमिनीला टेकली की फिरणं जागच्या जागी थांबतं. दोन्ही चुका कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात.

हीच मूव्ह फिल्ममध्ये तीनदा आणा. तिसऱ्या मिनिटाला तालमीत ती फसते आणि कॅमेरा मिटणारे पाय दाखवतो. आठव्या मिनिटाच्या आसपास कुणीतरी, शक्यतो क्रूमधलं सगळ्यात कमी बोलणारं पोर, ‘पाय मिटतोयस तू’ एवढंच म्हणतं. मग शेवटच्या राउंडला जन्मात कधी विंडमिल न पाहिलेला माणूसही त्या पायांकडेच बघत बसतो. शेवटी अचानक गुप्त मूव्ह काढायची युक्ती या सिनेमांची लाडकी आहे, पण ती अवघड आहे हे प्रेक्षकाला आधी माहीतच नसतं. मग तो टाळ्या कशाला वाजवेल?

जिंकण्याची कसोटीही कागदावर ठरवून घ्या. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग (ब्रेकडान्स) होतं तेव्हा जजेसपुढे पाच निकष होते: तंत्र, मूव्हजचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि स्वतःचं वेगळेपण. पाचांनाही सारखं वजन. तुमच्याकडे पाच दाखवायला वेळ नाही, दोन निवडा. उदाहरणार्थ, समोरचा क्रू सफाईत सरस आणि आपला क्रू संगीताच्या जाणेत. बॅटलमध्ये गाणं डीजे लावतो, डान्सरला ते आधी ठाऊक नसतं. त्यामुळे समोरचा गडी घोटून आणलेला राउंड करतो आणि मध्येच बीट थांबली तरी नाचतच राहतो. आपल्या पोरीला तो थांबा ऐकू येतो आणि ती बरोबर तिथे फ्रीझ घेते, म्हणजे आहे त्या पोझमध्ये थिजते. जजने तोंड उघडायच्या आत निकाल लागलेला असतो.

दोन क्रूंच्या शैली वेगळ्या ठेवल्या तर काम आणखी सोपं होतं. सगळ्याला सरसकट हिप-हॉप म्हणायची आपल्याकडे सवय आहे, पण ब्रेकिंग न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं, तर लॉकिंग (झटक्यात थांबून पोझ धरणं) आणि पॉपिंग (स्नायूंना झटके देणं) कॅलिफोर्नियातल्या फंक संगीतावर वाढलेलं. लॉकिंग डॉन कॅम्पबेलचं, पॉपिंग फ्रेझ्नोच्या बूगालू सॅमचं. ब्रेकिंगवाला क्रू जमिनीवर, लॉकिंग-पॉपिंगवाला उभ्याने, एवढ्या फरकाने गर्दीच्या सीनमध्येही कोण कुठला ते ओळखू येतं. टी-शर्टच्या रंगांवर मदार ठेवावी लागत नाही.

दुसऱ्याची मूव्ह ढापणं, म्हणजे बाइट करणं, हा बॅटलमधला सगळ्यात मोठा अपमान. गोष्टीत खलनायक हवा असेल तर मारामारीपेक्षा हे जास्त बोचतं. अट एकच: ढापलेली मूव्ह मूळ माणसाने करताना आधी एकदा पूर्ण, न कापता दिसलेली असावी.

पैशाचं दुखणं दाखवायचं तर ते पुण्याचं असू द्या. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम, लग्नसराईत संगीताच्या रात्री, गणपतीत सोसायट्यांचे कार्यक्रम: नाच बसवून देणाऱ्या पोरांची कमाई यातूनच होते. तिसरीच्या वर्गाला कोळीगीत बसवताना ज्याची स्वतःची तालीम बुडते, तो पोरगा ब्रॉन्क्सची नक्कल करणाऱ्या कुठल्याही पात्राहून खरा वाटेल. कॉलेजची पोरं असतील तर फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमी आहेतच. तिथे चित्र, वादन, नाटक, नाच सगळं एकाच संहितेत कोंबायचं असतं आणि डान्सरच्या वाट्याला दीड मिनिट येतं, यावरून होणारी भांडणं आयती आहेत.

स्क्रिप्टमध्ये ‘क्रू नाचतो’ अशी एक ओळ टाकून मोकळे होऊ नका. त्या ओळीला पडद्यावर दोन मिनिटं लागतात. प्रत्येक एटची, म्हणजे आठ बीटच्या तुकड्याची, एक ओळ लिहा: कोण पुढे येतं, काय करतं, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदलतं. काहीच बदलत नसेल तर तो एट काढून टाका.

गाणं: १०० किंवा १२५ बीपीएम

आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करायचं असतं, तेव्हा गाण्याचा वेग असा घ्या की एका बीटला पूर्ण फ्रेम येतील. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० बीट) एक बीट ०.६ सेकंदाची, म्हणजे बरोबर १५ फ्रेम. आठ बीटचा एक एट ४.८ सेकंद, १२० फ्रेम. पंचवीस एट बसवले की नेमकी दोन मिनिटं. ब्रेकिंगला हा वेग मंद वाटतो, तिथे १२५ घ्या: एक बीट १२ फ्रेम, एक एट ९६ फ्रेम. एडिट करताना टाइमलाइनवर दर १५ किंवा १२ फ्रेमला खूण टाकली की कट कुठे पडतोय हे डोळ्यांना दिसतं. ९७ किंवा १०३ बीपीएमचं गाणं घेतलंत तर प्रत्येक बीट फ्रेमच्या मधोमध पडते आणि दोन मिनिटांत सगळं थोडं थोडं सरकल्यासारखं वाटत राहतं. चूक सापडत नाही, फक्त मजा येत नाही.

गाजलेलं गाणं वापरायचा विचार सोडा. इन्स्टाग्रामच्या रीलला चालतं म्हणून फिल्मला चालत नाही. चित्रासोबत गाणं जोडायला म्युझिक कंपनीची वेगळी परवानगी लागते आणि ती नसेल तर यूट्यूबवर फिल्म अडते किंवा आवाज जातो; महोत्सवाचे आयोजकही कागद मागतात. शहरात बीट बनवणारी पोरं भरपूर आहेत, त्यांच्याकडून नवीन बनवून घ्या आणि कुठे कुठे वापरणार ते लिहून सही घ्या. बीट तुमचीच असल्याचा मोठा फायदा असा की वर सांगितलेला थांबा हवा तिथे मागता येतो: सतराव्या एटच्या पाचव्या बीटला सगळं बंद, दोन बीट शांतता, मग परत ड्रम. गाण्याच्या आधी आठ टिकटिक घालून घ्या, प्लेबॅकला, म्हणजे शूटवर गाणं वाजवताना, लागतात. कोरिओग्राफरचीही लेखी संमती हवी. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात लिहून किंवा अन्य प्रकारे टिपून ठेवलेली नृत्यरचना नाट्यकृतीत धरली जाते, त्यामुळे ‘आपलाच मित्र आहे’ यावर विसंबू नका.

पुण्याची फिल्म म्हटली की शेवटच्या बॅटलला ढोल-ताशा आणायचा मोह होणारच. आणा, पण पथक प्रत्यक्ष वाजवताना लय चढत जाते. मिरवणुकीत ती चढलीच पाहिजे, तुमच्या टाइमलाइनवर मात्र वाट लागते. वादकाच्या कानात क्लिक (ठरल्या वेगाची टिकटिक) देऊन आधी रेकॉर्ड करा आणि शूटला तेच वाजवा. ताशा पुढे ठेवा, ढोल मागे. दोन्ही सारखे मोठे ठेवले तर बीटमधला किक ड्रम ढोलाखाली गाडला जातो आणि डान्सर कशावर नाचतोय ते ऐकूच येत नाही.

जागा आणि जमीन

जागा डोळ्यांनी निवडली जाते आणि गुडघ्यांनी भोगली जाते. लोकेशन बघायला जाताना एक डान्सर सोबत न्या आणि त्याला तिथे पाच मिनिटं नाचायला लावा. शहाबादी फरशीच्या सांध्यांत तळवा अडकतो, गुळगुळीत टाइल्सवर पाय निसटतो, काँक्रीटवर कोपर सोलतं. उभ्याचा नाच असेल तर स्वच्छ झाडलेली कोणतीही सपाट जागा चालते. फ्लोअरवर्क (जमिनीवरचा नाच) असेल तर १२ मिलिमीटरच्या आठ बाय चार फुटी प्लायच्या सहा शीट भाड्याने आणा. जोडून सोळा बाय बारा फुटांचा मंच होतो. वरून व्हिनाइल, सांध्यांवर कापडी चिकटपट्टी. खाली खडा राहिला तर प्लाय तिथे नाचते आणि आवाजही येतो, म्हणून आधी झाडू. सायफरचं, म्हणजे डान्सरभोवती उभ्या गर्दीचं, वर्तुळ बारा ते चौदा फूट व्यासाचं ठेवा. यापेक्षा लहान केलं तर पाय कुणाच्या तरी नडगीला लागतो, मोठं केलं तर फ्रेममध्ये गर्दी विरळ दिसते.

झेड ब्रिज, नदीपात्र, मंडईचा परिसर, गच्च्या: पुण्यात दिसायला चांगल्या जागांना तोटा नाही. झेड ब्रिजवर दुचाक्या चालू असतात, तेव्हा पहाटेचाच वेळ धरा आणि तिथे ब्रेकिंग नको, चालण्या-बोलण्याचे सीन घ्या. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद होतो. जून ते सप्टेंबर त्या जागेवर वेळापत्रक बांधू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवर तळहात टेकवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाला मावळतो, त्यामुळे दिवस आखूड.

परवानगीशिवाय ‘पटकन उरकू’ म्हणणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. चालत्या फोनवरचे दोन शॉट निघतात, स्पीकर लावून बॅटल निघत नाही. सार्वजनिक जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. महापालिकेच्या बागांसाठी उद्यान विभाग, शनिवारवाड्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, मेट्रो स्टेशनसाठी महामेट्रो. स्थानिक पोलीस चौकीला तारीख, वेळ आणि माणसांची संख्या लिहून पत्र द्या व पोच घेतलेली प्रत खिशात ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे रात्रीचं बॅटल दहाच्या आत संपवायचं किंवा बंद हॉलमध्ये घ्यायचं. ड्रोनचं सोडून द्या. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, शहरात लष्करी जागा ठिकठिकाणी आहेत. नकाशावर मोकळी दिसणारी जागा डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलवर तपासल्याशिवाय उडवणं महागात पडेल. शेजारच्या गच्चीवरून घेतलेला एक उंच शॉट तेवढंच काम करतो.

कॅमेरा

नाचणाऱ्याचं अख्खं शरीर फ्रेममध्ये, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा. हॉलिवूडचा जुना डान्सर-नट फ्रेड अस्टेअर हा आग्रह धरायचा आणि तो आजही बरोबर आहे. पाय कापलेला शॉट म्हणजे अर्ध वाक्य. उभ्या नाचाला कॅमेरा कमरेच्या उंचीवर, लेन्स २८ ते ३५ मिलिमीटर. फ्लोअरवर्कला गुडघ्याच्या उंचीवर किंवा त्याहून खाली. वरून घेतलं की माणूस जमिनीवर चिकटलेला दिसतो आणि त्याने किती उंची काढली ते कळतच नाही. पॉपिंग ट्रायपॉडवर, कॅमेरा अजिबात न हलवता. पॉपिंगमधला हिट म्हणजे स्नायूचा क्षणभराचा झटका. कॅमेराच थरथरत असेल तर तो दिसणार कसा? तिथे समोरून सपाट लाइट मारू नका, बाजूने द्या, म्हणजे दंडावर आणि छातीवर सावली उठते. गिम्बल (चालतानाही कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) घेतलाय म्हणून सतत गोल फिरू नका. फिरणारा कॅमेरा आणि फिरणारा डान्सर एकत्र आले की डान्सर थांबल्यासारखा वाटतो.

शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/६० ठेवलं तर चित्रात पट्टे सरकतात. पॉपिंग आणि फ्रीझला १/१०० घ्या, हिट धारदार दिसतो. विंडमिलला १/५०, थोडा ब्लर गतीला मदत करतो. भर उन्हात आयएसओ १००, एफ ४, शटर १/५० हवं असेल तर पाच स्टॉप प्रकाश (दर स्टॉपला निम्मा) कापावा लागतो, म्हणजे एनडी ३२ फिल्टर. तो नसला की लोक शटर १/१६०० वर नेतात आणि सगळा नाच तुटक तुटक दिसतो. फोनवर शूट करत असाल तर फ्रेमरेट २५ वर पक्का ठेवणारं ॲप वापरा. फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमरेट कमी-जास्त करत राहतो आणि दोन मिनिटांच्या शेवटाला गाणं नाचापासून सुटतं.

स्लो मोशन एकदाच, आणि तेही हवेतल्या मूव्हला. ग्रूव्ह, म्हणजे अंगातली लय, हळू केला की ग्रूव्ह उरत नाही. गाण्याच्या लयीतच थोडा तरंगता परिणाम हवा असेल तर ३० फ्रेमवर शूट करा, गाणं १.२ पट वेगाने वाजवा आणि २५ वर आणा. नाच बीटवर राहतो, अंगाला वजन येतं. १०० बीपीएमचं गाणं शूटला १२० ने वाजेल, तेव्हा तालीमही १२०वर करून ठेवा.

प्लेबॅकचा स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथचा आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे राहू शकतो, म्हणजे अडीच ते पाच फ्रेम. डान्सर जे ऐकतो त्यावर नाचतो, त्यामुळे एडिटमध्ये जुळवताना फोनवरचं गाणं किती वाजता सुरू झालं ते न बघता कॅमेऱ्याच्या माइकमध्ये आलेला आवाज धरा. स्पीकर डान्सरच्या जवळ ठेवा. चौदा मीटर लांब गेला की आवाज पोचायलाच एक फ्रेम जाते.

शूटच्या दिवशी

कॉल टाइम आणि पहिला टेक यात किमान पाऊण तास. त्यातली पंधरा-वीस मिनिटं वॉर्म-अप: मनगटं, खांदे, मान, कंबर. थंडीत जास्त. नाश्त्याला पोहे, केळी, चिक्की. फ्लोअरवर्कच्या आधी मिसळ खाऊ देऊ नका, उलटं झाल्यावर रस्सा आठवण करून देतो. बर्फ, क्रेप बँडेज आणि सैल पँटखाली घालायचे गुडघ्याचे पॅड सेटवर हवेतच. अठराखालचं कुणी असेल तर पालकांची लेखी संमती आणि सेटवर घरचं एक मोठं माणूस.

आधी पूर्ण राउंडचे तीन सलग वाइड टेक घ्या, न थांबता, चुकलं तरी. मग पॉवर मूव्हज (विंडमिलसारख्या ताकदीच्या फिरत्या मूव्ह), अंग गरम पण थकलेलं नाही अशा वेळी, आणि एकेका मूव्हचे चार-पाचच टेक. सहाव्या टेकला तंत्र ढासळतं आणि मनगट मुरगळतं. त्यानंतर हातपायांचे तुकडे, शेवटी चेहरे. थकलेला चेहरा आणि खरा घाम दिवसाच्या शेवटी फुकट मिळतो. आधी हवा असेल तर पाणी आणि ग्लिसरीन सारख्या प्रमाणात स्प्रेच्या बाटलीत. गर्दीतल्या लोकांचे चेहरे घेताना समोर खरोखर कुणीतरी नाचत असू द्या. ‘आता ओरडा’ म्हटल्यावर येणारे चेहरे लांबून ओळखू येतात.

पॅक-अपच्या आधी गाणं बंद करून तोच राउंड एकदा फक्त आकड्यांच्या इशाऱ्यावर करून घ्या आणि माइक जमिनीजवळ धरा. बुटांची करकर, तळव्यांची थाप, श्वास. हे आवाज मिक्समध्ये गाण्याखाली घातले नाहीत तर डान्सर हवेत तरंगताहेत असं वाटतं. शांततेच्या त्या दोन बीटमध्ये तर फक्त हेच ऐकू येणार आहे.

एडिट

कट बीटच्या दोन-तीन फ्रेम आधी मारा, म्हणजे हिट नव्या शॉटमध्ये पडताना दिसतो. बरोबर बीटवर कापलं तर डोळा नवं चित्र ओळखेपर्यंत हिट होऊन गेलेला असतो. पॉवर मूव्हच्या मध्ये कधीही कापू नका. विंडमिलच्या दुसऱ्या फेरीला प्रेक्षकाचा चेहरा दाखवला की बघणारा लगेच म्हणतो, बदली माणूस आणला. प्रतिक्रिया हवी तर फ्रीझनंतर. शेवटच्या बॅटलचा निम्म्याहून जास्त भाग वाइडमध्येच राहू द्या आणि मुख्य पात्राचा निर्णायक एट एकाच शॉटमध्ये, पूर्ण १२० फ्रेम (१२५ बीपीएमला ९६).

फिल्म लॉक करण्याआधी, म्हणजे एडिट पक्कं करण्याआधी, जजचा निकाल काढून टाकलेली बॅटलची फाइल बनवा आणि नाचाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना, म्हणजे शेजारच्या काकू, कॅन्टीनवाला, कुणाचे तरी बाबा, यांना एकेकट्याला दाखवा. कोण जिंकलं आणि कशावरून, एवढंच विचारा. चुकीचा क्रू सांगितला तर समोरच्यांचे शॉट तुमच्या पोरांपेक्षा लांब आणि स्पष्ट राहिलेत. ते लहान करू नका, आपल्या राउंडचे तुकडे काढून तिथे वाइड टेक घाला. क्रू बरोबर पण कारण सांगता येत नसेल तर घोळ बॅटलमध्ये नाही, तिसऱ्या मिनिटाच्या तालमीत आहे: मिटणारे पाय तिथे पुरेसे जवळून दिसत नाहीत. तो एक शॉट परत घ्यायला प्लायच्या दोन शीट आणि एक सकाळ पुरते.